गाडीचा तळ

माणूस आपल्या गाडीकडे किती बाजूंनी पाहतो, याचा आम्ही एकदा हिशेब मांडला होता. समोरून तो पाहतो, कारण तिचे मुखदर्शन चारचौघांना व्हावे अशी त्याची इच्छा असते. बाजूंनी पाहतो, कारण कोणाच्या सायकलीचे हँडल घासून गेले आहे काय, याची त्याला रोज धास्ती असते. मागून पाहतो, कारण मागचा दिवा फुटल्याचे नेहमी दुसऱ्याकडूनच कळते. आतून तर तो तिला पाहतोच. दसऱ्याला तो तिला धुतो, पुसतो, झेंडूचा हार घालतो, आपट्याची पाने वाहतो, आणि चाकाखाली लिंबू ठेवून ते चिरडल्याचा आवाज मोठ्या समाधानाने ऐकतो. परंतु इतक्या दसऱ्यांत गाडीच्या तळाला कोणी एक फूल वाहिल्याचे आम्ही पाहिलेले नाही. वस्तुतः रस्त्यावरचा चिखल, खडी, शेण आणि साचलेले पाणी यांची पहिली भेट होते ती तळाशी. बसणाऱ्यांचा सारा भार त्याच्यावर आणि दर्शन मात्र कोणालाच नाही. घरातल्या काही माणसांचेही असेच असते. पण तो विषय निराळा.

आम्ही भिलाईचे. लोखंडाच्या गावात राहणाऱ्याने गंजाविषयी दोन शब्द लिहिले तर ते अगदीच अप्रस्तुत ठरू नयेत. २ फेब्रुवारी १९५५ रोजी येथील पोलाद कारखान्यासाठी सोव्हिएत रशियाशी करार झाला, तेव्हा हा दुर्ग जिल्हा जुन्या मध्यप्रदेशात होता आणि त्या मध्यप्रदेशाची राजधानी नागपूर होती. पुढच्याच वर्षी, १ नोव्हेंबर १९५६ ला, राज्यांची पुनर्रचना झाली. नागपूर मुंबई राज्यात गेले, दुर्ग होते तेथेच राहिले, आणि येथील मराठी कुटुंबे जागची न हलता महाराष्ट्राबाहेरची झाली. पुन्हा १ नोव्हेंबरलाच, २००० साली, आम्ही घरात बसल्या बसल्या छत्तीसगडचे झालो. या दोन तारखांच्या मध्ये, ४ फेब्रुवारी १९५९ ला, राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले आणि या माळरानावर लोखंडाचा रस वाहू लागला. आमचे वडील १९६२ साली नागपूरहून येथे आले ते रेल मिलमध्ये नोकरीला लागले, आणि सेवानिवृत्तीपर्यंत त्यांनी आगगाडीच्या रुळांखेरीज दुसरे काही डोळे भरून पाहिले असेल असे आम्हांस वाटत नाही.

अपवाद एकच. १९८७ साली त्यांनी एक पांढरी प्रीमियर पद्मिनी विकत घेतली. कुर्ल्याच्या कारखान्यातून निघालेली ही गाडी आमच्या सेक्टरमधल्या क्वार्टरसमोर येऊन उभी राहिली, त्या दिवशी सारी आळी तिच्याभोवती जमली. कोणी काचा खाली-वर करून पाहिल्या, कोणी भोंगा वाजवून पाहिला. बाबा मात्र त्या गर्दीत जमिनीवर एक हात टेकून, मान वाकडी करून, गाडीच्या पोटाखाली पाहत होते. आईला त्याची फार लाज वाटली. “लोक काय म्हणतील! मुलगी पाहायला जाऊन तिचे तळवे तपासल्यासारखे झाले हे,” असे ती आत येऊन म्हणाली.

तेव्हापासून वर्षातून दोनदा एक विधी आमच्या घरी सुरू झाला. एकदा मृग लागण्यापूर्वी आणि एकदा दसरा आटोपल्यावर. बाबांनी लाकडी स्लीपरचे दोन जाड तुकडे मिळविले होते. त्यांच्यावर ते गाडीची पुढची चाके चढवीत आणि मागच्या चाकांना विटांचा अडसर लावीत. “जॅकवर उभ्या असलेल्या गाडीखाली शिरणारा माणूस शूर असेल, शहाणा नव्हे,” असे ते म्हणत. मग गोणपाट अंथरून ते पाठीवर सरकत सरकत आत जात. तारेचा ब्रश, पत्र्याचा खरवडा, रॉकेलची बाटली, रेड ऑक्साइडचा डबा आणि दोन कुंचले एवढी त्यांची सामग्री. आमचे काम बत्ती धरण्याचे. बारा-तेरा वर्षांच्या मुलाला यासारखी कंटाळवाणी कामगिरी दुसरी नसेल. बाहेर पोरे क्रिकेट खेळत असत आणि आम्ही गाडीच्या कडेला उकिडवे बसून, मनाने मैदानात आणि हाताने बत्तीत, असे अर्धवट उभयचर जीवन जगत असू. आतून दर पाच मिनिटांनी एकच वाक्य येई, “बत्ती हलवू नकोस.”

एकदा कंटाळून आम्ही विचारले, “बाबा, गाडी तर नवी आहे. कशाला एवढे घासायचे?” त्यावर ते बाहेर आले, तोंडावरची लाल धूळ पुसली आणि म्हणाले, “लोखंड आपले नसते रे. ते उसने आणलेले असते. ज्याचे त्याला ते परत जायला निघालेलेच असते. आपण फक्त मुदत वाढवून मागायची.”

हे वाक्य आम्हांस त्या वयात वेदान्तासारखे दुर्बोध वाटले. पुढे शाळेत रसायनशास्त्र आले तेव्हा कळले की त्यात वेदान्त नव्हता, केवळ वस्तुस्थिती होती. दल्ली-राजहऱ्याच्या खाणींतून भिलाईला येते ते लोखंड नव्हेच. ते हेमटाइट, म्हणजे लोखंड आणि प्राणवायू यांचे संयुग. अगदी शुद्ध हेमटाइट घेतले तरी त्यात वजनाने सुमारे सत्तर टक्के लोखंड, बाकीचा प्राणवायू. झोतभट्टीत कोक जाळून हा प्राणवायू ओढून काढावा लागतो, आणि मग सुमारे पंधराशे अंश तापलेला लोखंडाचा रस बाहेर पडतो. एवढा खटाटोप करून जे विलग केले, ते पावसाळ्यातल्या ओलसर हवेत मुकाट्याने पुन्हा एक होऊ लागते. त्याला आपण गंज म्हणतो. म्हणजे गंज हा लोखंडाला बाहेरून जडलेला रोग नसून ती त्याची माहेरची ओढ आहे. भट्टीला ज्या कामासाठी डोंगराएवढा कोळसा लागतो, तेच काम उलट दिशेने करावयास चिखलाचे एक ढेकूळ आणि चार महिने पुरतात.

बाबांच्या डब्यातल्या रेड ऑक्साइडची कथा तर याहून गमतीची आहे. त्या रंगातली लाल पूड म्हणजे लोखंडाचेच ऑक्साइड. घरोघरी तुळशीवृंदावनाला आणि अंगणातल्या कुंड्यांना जो गेरू लावतात, त्याच्याच कुळातली. आई त्या डब्याला गेरूच म्हणे आणि दिवाळीच्या सुमारास त्यातला थोडा वृंदावनासाठी मागे. बाबा देत नसत. लोखंड गंजू नये म्हणून त्याच्यावर गंजाच्याच भाऊबंदाचे पांघरूण घालावयाचे, हा न्याय प्रथम विचित्र वाटतो. पण विचार केला तर त्यात मर्म आहे. गेरू हा एकदा प्राणवायूशी मिळून शांत झालेला पदार्थ. त्याला आणखी गंजावयाचे काही उरलेले नसते. तेलात किंवा राळेत तो कालवून नीट साफ केलेल्या पत्र्यावर बसविला की, पाणी आणि हवा यांना आत येण्याची वाट तो अवघड करून ठेवतो. पूर्वी पुलांना आणि जहाजांना शिशाच्या लाल ऑक्साइडचा, म्हणजे चक्क शेंदराचा, हात देत असत. तो विषारी म्हणून मागे पडला. देवाला शेंदूर आणि पुलालाही शेंदूर. दोघांनीही उन्हापावसात उभे राहून आपला भार वाहावा, एवढीच भक्तांची अपेक्षा.

या गंज शब्दानेही आम्हांस थोडे छळले आहे. आमच्या आजीच्या नागपुरी बोलीत गंज म्हणजे पातेले. भाताचा गंज चुलीवर चढतो. दुर्गात गंजपारा नावाची वस्तीच आहे, कारण हिंदीत गंज म्हणजे बाजारपेठ. आणि लोखंडावर चढतो त्याला येथे सारे जंग म्हणतात. त्यामुळे “गाडीला गंज चढला” असे आम्ही लहानपणी वर्गात म्हणालो तेव्हा मित्रांनी गाडीवर पेठ वसल्याची कल्पना करून खूप हसून घेतले. आज आमची कन्या “बाबा, खिडकीला जंग लागला” असे बिनदिक्कत म्हणते. आम्ही ते दुरुस्त करतो, ती मान हलवते आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा जंगच लागतो. प्रांताबाहेर वाढणाऱ्या भाषेचेही असेच व्हावयाचे. वरून गणेशोत्सव, हळदीकुंकू, दिवाळी अंक सारे झळझळीत असते. खाली काय चालले आहे ते वाकून पाहिल्याशिवाय कळत नाही. असो.

बाबांचे सगळेच बरोबर होते असा आमचा दावा नाही. पावसाळ्यापूर्वी ते इंजिनातून काढलेले जुने काळे तेल रॉकेलात मिसळून गाडीच्या पोटावर फवारीत. त्या काळी बहुतेक जण तेच करीत. पत्र्याला त्याचा थोडा उपयोग होई, हे खरे. पण रबराच्या बुशांना ते तेल मानवत नसे, ती फुगून निकामी होत. क्वार्टरसमोरच्या ज्या जागेवर गाडी उभी राही तेथे वर्षानुवर्षे गवताचे पातेही उगवले नाही, आणि सदाफुलीचा एक ताटवा त्यापायी गेला तो गेलाच. जमिनीत मुरलेले ते तेल पुढे पाण्यात जाते, हे आज आपण जाणतो. तेव्हा ती रीत सोडली पाहिजे, हे उघड आहे. परंतु फवारणी चुकीची होती म्हणून तिच्या आधीचे खरवडणेही जुनाट ठरविण्याची चूक आम्ही केली, आणि ती आम्हांस फार महागात पडली असती.

२०११ साली बाबा गेले. गाडी आमच्याकडे आली. दुसऱ्या वर्षी तिच्या नोंदणीचे नूतनीकरण करावयाचे होते, म्हणून उन्हाळ्यात आम्ही ती एका गॅरेजमध्ये नेली. तेथे तळाला रबरासारखा काळा लेप देण्याची सोय होती. सकाळी गाडी सोडली आणि दुपारच्या चहाला ती परत मिळाली. आम्ही वाकून पाहिले. आयुष्यात प्रथमच आम्ही स्वेच्छेने त्या गाडीखाली पाहत होतो. सारा तळ एकसारखा काळाभोर, दाट, तुकतुकीत. ना खरवड्याचे ओरखडे, ना लाल ठिगळे. बाबांना दोन-दोन दिवस लागत ते काम अर्ध्या दिवसात झाले म्हणून विज्ञानाच्या प्रगतीचे आम्हांस कौतुक वाटले. अर्ध्या दिवसात धुणे, वाळविणे, खरवडणे आणि लेप देणे इतके सारे कसे आटोपले, हा साधा प्रश्न आमच्या मनात आला नाही. खरे सांगावयाचे तर तो येऊ नये अशीच आमची इच्छा होती. एकदा लेप दिला, आता खाली पाहावयास नको, हे सुख आम्ही पैसे देऊन विकत घेतले होते. पुढची सात वर्षे आम्ही ते उपभोगले. दसऱ्याला हार मात्र चुकला नाही.

२०१९ च्या सप्टेंबरात, पाऊस सरत आला असता, आम्ही आई, सौभाग्यवती आणि कन्या यांच्यासह राजनांदगावला लग्नाच्या बोलणीसाठी निघालो होतो. दुर्ग मागे पडले, शिवनाथचा पूल जवळ आला. पुढे उसाने भरलेला ट्रॅक्टर संथपणे चालला होता. वेग कमी करावा म्हणून आम्ही ब्रेकवर पाय ठेवला, आणि पाय खाली, आणखी खाली, थेट जमिनीपर्यंत गेला. पायाखाली काहीच नव्हते. असा क्षण सांगताना मोठा वाटतो; प्रत्यक्षात तो फार लहान असतो. आम्ही हँडब्रेक ओढला, गिअर उतरविला, गाडी डावीकडच्या कच्च्या पट्टीवर घातली. ती ओल्या मुरमात फरफटत एका दगडाशी थांबली. ट्रॅक्टर आपल्या गतीने पूल ओलांडून गेला. मागे वळून पाहिले तेव्हा आईने नातीचे डोके आपल्या पदराखाली दाबून धरले होते. ती एवढेच म्हणाली, “तुझ्या बाबांनी नळी पाहिली असती.”

दोरी बांधून गाडी एका मिस्त्रींकडे नेली. त्यांच्याकडे जमिनीत खणलेला लांबट खड्डा होता. त्याच्यावर गाडी उभी करून ते आत उतरले आणि आम्हांसही त्यांनी उतरविले. मागच्या चाकांकडे जाणारी ब्रेकतेलाची लोखंडी नळी एका ठिकाणी काडीइतकी बारीक होऊन फुटली होती. काळ्या लेपाचा तेवढा भाग पापुद्र्यासारखा लोंबत होता आणि त्याच्या आत ओला चिखल होता. किती पावसाळ्यांचा, कोण जाणे. मिस्त्रींनी स्क्रूड्रायव्हर घेतला आणि दाराखालच्या पोकळ पट्टीवर सहज टेकविला. तो मुठीपर्यंत आत गेला. वरून पाहिले असते तर तेथे एक सुरकुतीसुद्धा नव्हती. “साहब,” ते खेदाने म्हणाले, “ऊपर से दूल्हा, नीचे से भिखारी.”

त्या दिवशी त्या खड्ड्यात उभे राहून जे शिकलो ते कोणत्याही पुस्तकात सापडले असते. पण पुस्तक वाचताना माणसाच्या डोक्यावर स्वतःची गाडी नसते. पत्र्यावर चिखल आणि गंज तसाच ठेवून वरून लेप दिला की, ओल बाहेरून येऊ शकत नाही हे अर्धसत्य असते आणि आतली ओल बाहेर जाऊ शकत नाही हे पूर्णसत्य. लेपाला कोठेतरी खडा लागून बारीक भेग पडतेच. तेथून पाणी आत शिरते आणि लेपामागे दूरवर पसरते. शिवाय लोखंडाचा एक विलक्षण स्वभाव आहे. उघड्या, हवेशीर जागेपेक्षा चिखलाखाली, सांध्यात, जेथे हवा कमी पोहोचते तेथे ते अधिक खोल पोखरले जाते. तयार झालेला गंज मूळ लोखंडापेक्षा पुष्कळ अधिक जागा व्यापतो आणि वरचे आवरण स्वतःच उचलून धरतो. ॲल्युमिनियमवर चढणारा थर आतल्या धातूला राखतो. लोखंडाचा गंज असा राखणदार नाही, तो सच्छिद्र असतो आणि पुढच्या गंजाला वाट करून देतो. आमच्या लेपवाल्यांनी आणखी एक गोष्ट केली होती. दारांच्या आणि पट्ट्यांच्या तळाशी पाणी निथळून जावे म्हणून बारीक भोके ठेवलेली असतात. ती सारी त्या लेपाने बुजली होती. पट्ट्या आतून भरून राहिल्या आणि आतूनच सडल्या. या जातीच्या गाडीला निराळी चौकट नसते. पत्र्याचे अंग हाच तिचा सांगाडा. तेव्हा त्या पट्ट्या सडणे म्हणजे माणसाची हाडे सडणे होय.

तळाचे हे दुखणे आमच्या पद्मिनीपुरतेच नाही. दिल्लीला मेहरौलीचा लोहस्तंभ सुमारे सोळाशे वर्षे उघड्यावर उभा आहे. त्याच्या लोखंडात फॉस्फरस अधिक आहे आणि त्यामुळे त्याच्यावर एक पातळ संरक्षक थर बसला, असा उलगडा कानपूर आय. आय. टी. चे प्रा. आर. बालसुब्रमण्यम यांनी केला. त्या स्तंभाचे नवल सारे जग करते. परंतु त्याच्याही जमिनीत पुरलेल्या भागाला गंजाने गाठलेच होते आणि १९६१ मध्ये तो भाग शिशाच्या पत्र्याने वेढावा लागला. बाबा ज्या रुळांत आयुष्यभर रमले त्यांचीही हीच कथा. गाडीची चाके ज्याच्यावरून धावतात तो रुळाचा माथा लखलखीत राहतो. गंज धरतो तो रुळाच्या पायाला, जेथे तो पकडींखाली दबलेला असतो तेथे. म्हणून रेल्वेची माणसे त्या जागा उघडून, खरवडून, तेथे ग्रीस भरतात. समुद्राकाठच्या मार्गांसाठी तांबे, निकेल व क्रोमियम मिसळलेले, गंजाला दाद न देणारे रूळही भिलाईने घडविले आहेत, कारण खारी हवा गंजाला घोड्यावर बसविते. आमचे मेहुणे कॅनडात टोरांटोजवळ असतात. तेथे समुद्र नाही. पण हिवाळ्यात बर्फ वितळावे म्हणून रस्त्यांवर मीठ टाकतात आणि ते गाडीच्या पोटाला जाऊन बसते. तेथील पुष्कळ लोक दर वर्षी हिवाळ्याच्या तोंडावर गाडीच्या तळाला आणि पोकळ भागांना तेलाचा फवारा देऊन घेतात. आता नव्या गाड्यांचा बराचसा पत्रा जस्ताचा मुलामा दिलेला असतो. जस्त स्वतः आधी झिजते आणि लोखंडाला राखते. परंतु त्या जस्तालाही मर्यादा असते, आणि चिखल काही नवी-जुनी गाडी पाहत नाही.

मिस्त्रींनी दुरुस्तीचा जो अंदाज सांगितला त्यात एक बरी जुनी गाडी आली असती. भंगारवाल्याने वजनावर भाव सांगितला. “भट्टीत जाईल, पुन्हा लोखंड होईल,” असेही तो म्हणाला, आणि त्यात असत्य काहीच नव्हते. भंगार वितळवून नवे पोलाद होते, हे भिलाईकराला सांगावयास नको. बाबांच्याच हिशेबाने पाहिले तर उसने परत करण्याची वेळ आली होती. आम्ही दोन दिवस विचार केला. सौभाग्यवतींचे म्हणणे असे की जुन्या पत्र्याच्या मायेपोटी मुलीला पुन्हा त्या गाडीत बसवावयाचे नाही. ते खोटे नव्हते. शेवटी आईने तोड काढली, “आधी सगळा लेप काढून पाहा. खाली जे निघेल त्यावरून ठरवा. न पाहता टाकूही नका आणि न पाहता ठेवूही नका.”

तो लेप काढावयास आठ दिवस लागले. मिस्त्रींची माणसे होती. पण सुट्टीच्या दिवशी आम्हीही गोणपाट घेऊन खड्ड्यात उतरलो. दाराखालच्या दोन्ही पट्ट्या, चालकाच्या पायाखालचा पत्रा आणि मागच्या चाकांवरच्या कमानी गेल्या होत्या. त्या कापून नवा पत्रा जोडावा लागणार होता. ब्रेकच्या सर्व नळ्या बदलावयाच्या होत्या. परंतु मधला भाग खरवडत असता काळ्या लेपाखालून एकाएकी लाल रंग दिसू लागला. तो गंजाचा लाल नव्हता. गुळगुळीत, घट्ट, पत्र्याला बिलगलेला गेरूचा लाल. आम्ही नखाने खरवडून पाहिले, तो सुटेना. त्यात कुंचल्याचा एक केस अडकून राहिला होता, रंगाबरोबर वाळलेला. तो कोणत्या वर्षीचा होता हे कळावयास मार्ग नव्हता. त्या वेळी बत्ती धरून कोण बसले होते एवढे मात्र आम्हांस ठाऊक होते, आणि त्याचे लक्ष कोठे होते हेही.

मिस्त्री म्हणाले, जेथे हा लाल रंग आहे तेथे गाडी शाबूत आहे. मग ठेवावयाचे ठरले. २०२२ ची नोंदणीची तपासणी गाडीने त्याच अंगाने दिली. आता आम्ही तिला लांबच्या प्रवासाला नेत नाही. गावातल्या गावात, आईला देवळात आणि बाजारात न्यावयाला ती आहे.

विधी पुन्हा सुरू झाला आहे. जुन्या तेलाचा फवारा सोडला. बाकी बहुतेक बाबांचेच. वाचकांपैकी कोणास उपयोगी पडेल म्हणून क्रम सांगून ठेवतो. पावसाळा संपताच प्रथम तळ पाण्याच्या जोराने धुवावयाचा, विशेषतः चाकांच्या कमानींच्या आतल्या कडा, कारण चिखल तेथे घर करतो. मग गाडी दोन-तीन दिवस उन्हावाऱ्यात पूर्ण वाळू द्यावयाची. ओल्या पत्र्यावर काही लावणे म्हणजे ओल कोंडून ठेवणे. मग निथळभोके तारेने मोकळी करावयाची. गंज दिसेल तेथे चकाकता पत्रा लागेपर्यंत खरवडावयाचे, तेलकटपणा पुसावयाचा, त्यावर गंजरोधक अस्तर, ते वाळल्यावर रंग, आणि खडी लागते त्या भागांवर लवचीक लेप. लेप वाईट नाही. तो शेवटी यावयास हवा, एवढेच. पोकळ पट्ट्यांत कुंचला पोहोचत नाही, तेथे नळीने मेणाचे द्रावण फवारावयाचे. धुराडे, ब्रेकचे ड्रम आणि रबरी भाग यांना यातले काहीही लागू द्यावयाचे नाही. ब्रेकच्या नळ्यांवरून सबंध लांबीभर बोट फिरवून पाहावयाचे. आणि गाडी महिनोन् महिने एका जागी गवतावर उभी ठेवावयाची नाही. गंजण्यापेक्षा झिजणे बरे, हे गाड्यांनाही लागू आहे.

परंतु या साऱ्या क्रमात एक पायरी सर्वांच्या आधीची आहे, आणि ती कोणत्याही डब्यावर छापलेली नसते. ती म्हणजे पाठीवर पडून, डोळे उघडे ठेवून, तळ पाहणे. आम्ही सात वर्षे जे पैसे देऊन टाळले ते हेच. बाबांची गाडी रंगाने टिकली असे आम्हांस आता वाटत नाही. वर्षातून दोनदा ते तिला खालून पाहत आणि जे दिसेल त्याला तोंड देत, म्हणून ती टिकली. रंग हा त्या पाहण्याचा मागे उरलेला पुरावा.

गेल्या दसऱ्यानंतरच्या रविवारी आम्ही स्लीपरचे तुकडे काढले. तेच ते, आईने ते इतकी वर्षे कोळशाच्या खोलीत जपून ठेवले होते. गोणपाट अंथरले. कन्येने विचारले, “बाबा, आज मी जाऊ खाली? तुम्ही बत्ती धरा.” विटा दोनदा ठोकून पाहिल्या, गाडी हलवून पाहिली आणि मग आम्ही तिला जाऊ दिले. ती सरकत आत गेली. बत्ती म्हणजे आता मोबाइलचा दिवा. तो हातात घेऊन आम्ही कडेला उकिडवे बसलो. गुडघे दुखू लागले. रस्त्यावरून एक ओळखीचे गृहस्थ गेले, त्यांच्याशी दोन शब्द बोलावे म्हणून मान वळविली.

आतून आवाज आला, “बाबा, बत्ती हलवू नका.”